बर्फातली फुले



२०२५ च्या बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही विहारात झाडलोट करायला गेलो होतो. वर्गणीतून आणलेली फुले मूर्तीपुढे रात्रभर पडून होती. शेवंती तग धरून होती, मोगरा तपकिरी पडला होता, गुलाबाच्या पाकळ्या फरशीला चिकटल्या होत्या. आमच्याच मजल्यावरची, नुकतीच बारावीत गेलेली एक मुलगी त्यातली बरी फुले निवडून पिशवीत भरत होती. कशाला म्हणून विचारले, तर म्हणाली, "काकू, बर्फात गोठवून फोटो काढणार आहे."

तिथे आमचे एक ज्येष्ठ उपासक सतरंजी गुंडाळत होते. त्यांना ते काही पटले नाही. ते म्हणाले, "बाळ, पुष्पपूजेची गाथा रोज म्हणतेस ना? हे फूल जसे कोमेजते तसे हे शरीरही नाश पावते, असा तिचा अर्थ. फूल वाहायचे ते कोमेजताना बघायला. तू त्याला बर्फात घालून टिकवायला निघालीस!"

पोरगी गप्प बसणारी नाही. ती म्हणाली, "आजोबा, मग काल एकानं पिशवी भरून ही फुलं खाडीत सोडायला नेली, ते काय होतं?"

आजोबा हसले. हसण्यासारखेच होते. १९५६ साली आपण धम्म स्वीकारला, तरी निर्माल्य पाण्यात सोडायची सवय काही घरांतून अजून गेलेली नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीसकट सोडतात. त्यापेक्षा एखाद्या मुलीने चार फुले घरी नेऊन काही करून पाहिले, तर त्यात धम्माचे काय बिघडले? आम्ही तिची बाजू घेतली. पुढे हे प्रकरण आपल्यालाही काही शिकवील, असे तेव्हा वाटले नव्हते.

ही कल्पना तिने मोबाइलवर पाहिली होती. जपानमध्ये आझुमा माकोतो नावाचे एक पुष्परचनाकार आहेत. बर्फाच्या भल्यामोठ्या ठोकळ्यांत ते फुलांचे गुच्छच्या गुच्छ गोठवतात. २०१६ साली पॅरिसला द्रीस व्हान नोतन या कपड्यांच्या नामांकित कारागिराचा कार्यक्रम झाला. त्यात नव्या कपड्यांतल्या मुली चालत होत्या त्या वाटेवर आझुमांचे असे ठोकळे उभे केले होते. कार्यक्रम चालू असताना बर्फ पाझरत होता. श्रीमंतांचा शौक, म्हणून आपण सोडून देऊ. पण चित्र पाहिले की नजर हटत नाही हेही खरे. पाकळी न् पाकळी जिथल्या तिथे, जणू आत्ताच उमललेली. आपल्या घरच्या फ्रीझरात हे होईल का, एवढाच तिचा प्रश्न होता.

पहिला प्रयत्न पार फसला. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात फुले, वर नळाचे पाणी, झाकण घट्ट, आणि डबा आत. सकाळी काढला तर झाकण उचकटलेले, फुले तरंगून अर्धी बाहेर, आणि खाली मिठाच्या खड्यासारखा पांढरा गोळा. आत काय आहे ते दिसेनाच. ती डबा घेऊन आमच्याकडे आली. मग दोघी मिळून विचार करायला बसलो.

झाकण उचकटले ते सरळ आहे. पाणी गोठले की साधारण ९ टक्के फुगते. म्हणून काचेची भरलेली बाटली फ्रीझरात कधी ठेवू नये, आणि डबाही काठोकाठ भरू नये. पांढरेपणाचे कारण जरा निराळे. डब्यातले पाणी कडेने गोठायला लागते आणि गोठणे आत सरकत जाते. पाण्यात हवा मिसळलेली असते, क्षार असतात. बर्फाच्या स्फटिकात त्यांना जागा नसते. म्हणून बर्फ त्यांना पुढे पुढे ढकलत नेतो आणि शेवटी मधोमध कोंडतो. तो पांढरा गोळा म्हणजे कोंडलेली हवा. बर्फाच्या कारखान्यात काम केलेल्यांना हे माहीत असेल. तिथे मिठाच्या थंडगार पाण्याच्या टाकीत पत्र्याचे उभे साचे सोडतात. मिठाचे पाणी शून्याखाली गेले तरी गोठत नाही, पण साच्यातले गोडे पाणी गोठते. नितळ लादी हवी असेल तर साच्यातले पाणी हवेच्या नळीने सारखे हलते ठेवतात. मासळीसाठी एवढा खटाटोप कोण करणार! तिथे पांढरी लादी चालते.

पाणी उकळून गार केले तर थोडा फरक पडतो, पण थोडाच. खरा उपाय बर्फ एकाच बाजूने गोठवण्याचा. नव्या मिक्सरच्या खोक्यातले थर्माकोल तिने डब्याच्या चारी बाजूंना आणि तळाला चिकटपट्टीने लावले, वरची बाजू उघडी ठेवली. आता थंडी फक्त वरून शिरते, बर्फ वरून खाली धरत जातो आणि हवा खालच्या पाण्यात ढकलली जाते. फुलाचा देठ कापून ते पाण्यावर उपडे सोडायचे. तरंगते तर तरंगू द्यावे, वरचाच बर्फ नितळ होणार आहे. पाठ उघडी राहिली तर थर धरल्यावर वरून थोडे गार पाणी घालायचे. साधे पाणी ओतले तर बर्फाला तडा जातो. पुरेसा जाड बर्फ झाला की डबा काढायचा आणि खालचे न गोठलेले पाणी ओतून द्यायचे. डब्याला बाहेरून नळाखाली धरले की वडी सुटते. ती उलटी केली की फूल आपल्याकडे बघत असते.

फोटोचे म्हणाल तर फ्लॅश बंद ठेवावा, नाहीतर बर्फावर नुसता पांढरा डाग येतो. वडी दोन वाट्यांवर खिडकीत अशी ठेवावी की उजेड मागून येईल. वडीवर धुके धरले असेल तर ओला तळहात फिरवावा, काचेसारखी लख्ख होते. मोबाइल फार जवळ नेला तर चित्र अंधूक येते. हातभर मागे येऊन पडद्यावर फुलाला बोट लावावे. मे महिन्यात मुंबईत पंधरा मिनिटांत सगळे उरकावे लागते. बुडबुड्यांना घाबरू नये. फुलापासून सुटलेल्या त्यांच्या बारीक रेघा कधीकधी फुलापेक्षा सुंदर दिसतात. जाड पाकळीची शेवंती चांगली साधते, झेंडूही साधतो. मोगरा मात्र निराश करतो. आणि हा बर्फ सरबतात घालू नका. बाजारच्या फुलांवर औषध मारलेले असते, कण्हेर तर विषारीच.

तिसऱ्या दिवशी मुलीची आजी बोंबलाची पिशवी ठेवायला फ्रीझर उघडायला गेल्या. समोर बर्फात शेवंती. आजींनी दार लावले. पिशवी ओट्यावर तशीच राहिली. त्या गॅलरीत जाऊन बसल्या आणि दुपारी जेवल्याही नाहीत.

घरात सगळ्यांना वाटले, पाण्यावरून रागावल्या. त्या इमारतीला संध्याकाळी एक तास पाणी येते. आणि पाण्याची किंमत आपल्या लोकांना कोणी शिकवायची गरज नाही. २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्याचे ओंजळभर पाणी प्यायला बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन जावे लागले होते. मुलीची आई तिला रागावली, डबा मोरीत रिकामा झाला. मुलगी रडवेली होऊन आमच्याकडे आली.

तिची समजूत घालायला आम्ही तिला बेंटलीची गोष्ट सांगितली. अमेरिकेत व्हरमाँट भागात जेरिको नावाचे गाव आहे. तिथला विल्सन बेंटली हा शेतकऱ्याचा मुलगा. शाळेपेक्षा आईजवळच जास्त शिकला. हिमाचा एक कण सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसतो हे त्याला चितारायचे असे, पण चित्र पुरे व्हायच्या आत कण विरघळे. म्हणून त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडला. १५ जानेवारी १८८५ ला, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने हिमकणाचा पहिला फोटो घेतला. पुढे जन्मभर शेती करता करता पाच हजारांवर फोटो घेतले. १९३१ साली त्यातल्या दोन हजारांवर चित्रांचे पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी डिसेंबरात तो न्यूमोनियाने वारला. हिमाला वाचवावे असे त्याच्या मनात कधी आले नसेल. वितळण्याआधी एकदा नीट बघून घ्यावे, एवढेच.

गोष्ट तिला आवडली, पण तिचे मन तिथे नव्हते. "आजी माझ्याशी बोलतच नाही," म्हणाली.

संध्याकाळी आम्ही आजींजवळ जाऊन बसलो. बराच वेळ गेल्यावर त्या म्हणाल्या, "बाई, बर्फात फूल म्या एकदाच बघितलंय. त्येवढं पुरं हाय."

आजींचे यजमान गिरणी कामगार. १९७९ च्या मे महिन्यात ते रात्रपाळीहून आले आणि पहाटे छातीत कळ येऊन गेले. आजींचा मुलगा, म्हणजे या मुलीचा बाप, तेव्हा चार वर्षांचा. सातारा जिल्ह्यातल्या गावी तार केली. थोरले दीर आणि सासू एस.टी.ने यायला दुसरा दिवस उजाडणार होता. चाळीतल्या माणसांनी हातगाडीवर बर्फाच्या दोन लाद्या आणल्या, गोणपाटात गुंडाळलेल्या, भुसा लागलेल्या. दहा बाय दहाच्या खोलीत त्या लाद्या आणि त्यावर तो माणूस. रात्रभर बर्फ वितळत होता आणि बायका फडक्याने पाणी टिपून बादलीत पिळत होत्या. गिरणीतल्या सोबत्यांनी झेंडूचे हार आणले. सकाळी बघतात तर खालचे हार बर्फाला धरलेले, ओढले तरी सुटेनात. आजींना आठवते ते हे. रडणे त्यांना आठवत नाही, बादली आठवते.

वाचकहो, ज्यांची हयात चाळीत गेली त्यांना यात नवीन काही नाही. आपल्या घरात फ्रीज येण्याआधी बर्फ यायचा तो दोनदाच, एक लग्नाच्या सरबताला आणि दुसरा असा. फूल आणि बर्फ एकत्र दिसले की एका पिढीला जपान आठवते आणि एका पिढीला ती रात्र. दोष कोणाचाच नाही. पण घरात कोणी हे कधी बोललेलेच नसते, त्यामुळे नात आजीला हट्टी समजते आणि आजी नातीला बेपर्वा.

आम्ही आजींना विचारले, यजमानांचा फोटो भिंतीवर कसा नाही? भिंतीवर तथागत आहेत, चैत्यभूमीच्या बाहेर घेतलेली बाबासाहेबांची तसबीर आहे, मुलाच्या लग्नातला फोटो आहे. आजी उठल्या, पलंगाखालची ट्रंक ओढली, आणि साड्यांच्या तळातून एक पाकीट काढले. त्यात एकच फोटो होता. नाक्यावरच्या स्टुडिओवाल्याला त्या दिवशी बोलावले होते. एस.टी. मध्येच बिघडली आणि सासूबाईंना तोंड बघायला मिळाले नाही तर, म्हणून. सासूबाई वेळेत पोचल्या, फोटो मागे राहिला. काळापांढरा, आता पिवळा. डोळे मिटलेले, कपाळापर्यंत फुले, खाली लादीची पांढरी कड. त्या माणसाचा जगात हा एकच फोटो. गिरणीच्या पासवर नखाएवढा एक होता, पण हिशेबाचे पैसे घेताना पास जमा करावा लागला.

"ह्यो भिंतीला लावू?" आजींनी विचारले. आमच्याजवळ उत्तर नव्हते.

नात दारात उभी होती. तिने आजोबांना पहिल्यांदा पाहिले ते असे. तिचा बापही फोटो हातात घेऊन बराच वेळ बसला. त्याला वडिलांचा चेहरा आठवतच नव्हता.

इथे थोडे थांबून घरगुती सूचना देतो, कारण असे एकुलते फोटो पुष्कळ घरांत ट्रंकेच्या तळाशी असतील आणि पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते. फोटो खिडकीजवळ सावलीत सपाट ठेवावा, मोबाइल वरून अगदी समांतर धरावा, फ्लॅश लावू नये. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नये, काचेसकटच उतरवावा. मागे नाव, गाव, साल पेन्सिलीने लिहावे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढताना त्यांना नुसते खुर्चीत बसवू नका, भाकऱ्या थापताना, पेपर वाचताना काढा.

मुलीने फोटो असाच उतरवून घेतला. मग तिच्या मावसभावाने एक युक्ती काढली. आता मोबाइलवर जुन्या फोटोतले मिटलेले डोळे उघडून मिळतात, माणूस हसतानाही दिसतो. "आजी, आजोबांना उठवून बसवतो बघ," म्हणाला. पोराचा हेतू वाईट नव्हता.

आजी म्हणाल्या, "नगं. त्येंचं डोळं कसं हुतं ते मला ठावं हाय. तुझ्या यंत्राला कसं ठावं आसंल?"

विहारातल्या आजोबांना आम्ही हे सांगितले, तेव्हा ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, त्या दिवशी मी पोरीला बोललो ते तिच्या आजीला सांगायची गरज नव्हती.

ते जे बोलले होते त्यात एक गोष्ट त्यांनाही ठाऊक नव्हती. बर्फ फुलाला टिकवत नाहीच. फुलाच्या पेशीपेशीत पाणी असते. ते गोठताना त्याचे स्फटिक पेशी फोडतात. टोमॅटो फ्रीझरात राहिला तर बाहेर काढल्यावर कसा पचपचीत होतो, तसेच. बर्फात जे फूल सगळ्यात टवटवीत दिसते ते कधीच मेलेले असते, आणि बर्फ उतरला की ताटातल्या फुलापेक्षा लवकर काळे पडते. फोटोत दिसतो तो त्याचा आकार आणि रंग.

पुढच्या आठवड्यात आजीच नातीला म्हणाल्या, "तुझा त्यो डबा कुठं हाय? त्यात सदाफुली घाल बघू." यजमानांनी चाळीच्या गॅलरीत डालड्याच्या डब्यात सदाफुली लावली होती. विकत आणावी लागत नाही, पाणी कमी पडले तरी जगते, आणि बारा महिने फुलते. खोली बदलली, इमारत बदलली, पण त्याच रोपाच्या बियांची झाडे आजींनी दरवेळी नव्या डब्यात लावली. याच सदाफुलीपासून रक्ताच्या कर्करोगावरची औषधे करतात हे आम्ही सांगितले, तेव्हा आजींना त्याचे विशेष वाटले नाही. "आसंल," म्हणाल्या. पान खाऊन बघू नका बरे, झाड विषारी आहे.

फूल नाजूक, पाच पाकळ्यांचे. दोनदा बिघडले. तिसऱ्या वेळी नितळ उतरले. गुलाबी पाकळ्या जरा पाणथळ झालेल्या, मधला ठिपका गडद, आणि एका बाजूने बुडबुड्यांची सरळ रेघ वर गेलेली. खिडकीत वडी ठेवून नातीने फोटो काढले. एका फोटोत आजींचा ओला हात आला आहे, वडी पुसताना. नात म्हणते तो चुकून आला. आम्हाला तोच आवडला.

फोटो झाल्यावर वडी परातीत ठेवली. आजी संध्याकाळपर्यंत तिच्याजवळ बसून होत्या, मधेच गव्हातले खडे निवडत. बर्फ संपला तेव्हा फूल भिजल्या कागदासारखे परातीला चिकटले होते. त्यांनी ते बोटाने सोडवून डब्यातल्या मातीत टाकले आणि परातीतले पाणीही तिथेच ओतले. मग दिवाबत्तीची वेळ झाली, वंदना झाली.

त्या हाताच्या फोटोची मोठी प्रत काढून आणली आहे. ती भिंतीवर लावायची आणि शेजारी आजोबांचा फोटोही लावायचा, असे मुलाचे म्हणणे. आजी म्हणतात, हाताचा लाव, दुसरा ट्रंकेतच बरा. त्या घरात यावर अजून एकमत झालेले नाही.